पोत्याच्या बरोबरीचा

काट्यावर चढायच्या आधी तो थुंकायचा. चपला काढायच्या, गळ्यातला ताईत माझ्या हातात द्यायचा, सदरा खुंटीला लावायचा, मग मोरीपाशी जाऊन मन लावून थुंकायचं आणि मगच पारड्यात पाय ठेवायचा. तो पायही इतका हलकेच, की काट्याला त्याचा पत्ता लागू नये. मग मान न हलवता, नुसत्या डोळ्यांनी माझ्याकडे बघून विचारायचा, "बराबर हाय ना?"

"थुंकीला काय वजन असतं रे?" मी पहिल्यांदा हसून विचारलं होतं.

"असतंय भाऊ. माणसाच्या अंगातल्या समद्याला वजन असतंय. तुमाला न्हाई कळायचं. तुमी कापूस तोलता."

मी कापूस तोलत होतो हे खरं. जालन्याला स्टेशनच्या अंगाला एक जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना होता, तिथे मी काट्यावर होतो. निजामाचं राज्य होतं. दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या यायला लागायच्या, त्या तोलून आत घ्यायच्या, सरकी काढलेल्या रुईच्या गाठी बांधून मालगाडीत चढवायच्या, आणि संध्याकाळी नाकातला कापूस काढत घरी जायचं, असं आमचं आयुष्य. तो त्याच कारखान्यात बॉयलरवर कोळसा टाकायचा. माझ्याच गल्लीत त्याचं घर होतं. अंगाने ताठ, खांदे रुंद, नाक एका बाजूला कललेलं, आणि आवाज इतका हळू की यंत्र चालू असताना त्याच्याशी बोलायचं तर कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागे. बघून तुम्ही म्हणाला असता, असेल कुणी बॉयलरवाला. पण हा माणूस साऱ्या हैदराबाद संस्थानात वेल्टरवेट गटातला बॉक्सिंगचा चॅम्पियन होता, आणि एकदाच नव्हे, लागोपाठ कितीतरी वर्षं.

वेल्टरवेट म्हणजे काय हे जालन्यात फक्त दोघांना माहीत होतं. एक तो, आणि त्याच्यामुळे मी. या खेळात वजनाप्रमाणे गट असतात. त्याच्या गटात एकशे सत्तेचाळीस पौंडांपर्यंतचेच लोक लढू शकत. लढतीच्या दिवशी सकाळी काट्यावर उभं करून बघतात. वर गेलं की बाहेर. मग तुम्ही कितीही मोठे चॅम्पियन असा, कप ठेवा आणि घरी जा.

आता आमचा काटा मणाशेराचा आणि त्याचे नियम पौंडांचे. हिशेबाची कटकट नको म्हणून त्याने एक नामी युक्ती काढली होती. लढती व्हायच्या त्या सिकंदराबादच्या काट्यावर बरोबर तेवढी भरेल इतकी रेल्वेची खडी त्याने एका पोत्यात घातली, तोंड शिवलं आणि ते पोतं आगगाडीतून जालन्याला आणलं. खडी चोरून नेतोय म्हणून वाटेत एका तिकीट तपासनिसाने त्याला उतरवलंही होतं. ते पोतं माझ्या काट्यापाशी कोपऱ्यात उभं असे. एका पारड्यात पोतं, दुसऱ्यात हा. दांडी सरळ राहिली की बराबर. हा खाली गेला की त्याचं तोंड उतरायचं.

पावसाळ्यात मात्र तो खुशीत असायचा. मला वाटायचं हवा चांगली म्हणून. मग एकदा बघतो तर हा पायाने पोतं हळूच गळक्या पत्र्याखाली सरकवतोय. ओलं पोतं जड होणार आणि हा बसल्या जागी हलका होणार!

"अरे, तिथे सिकंदराबादला काय पाऊस घेऊन जाणारेस का?" मी ओरडलो.

"तेवढंच दोन दिवस बरं वाटतंय भाऊ," असं म्हणून त्याने पोतं परत कोरड्यात ओढलं.

बॉक्सिंग त्याला सिकंदराबादला लागलं. बाप रेल्वेत होता, त्याच्या ओळखीने हाही लोको शेडमध्ये कोळसा ओढायला लागला. तिथे रेल्वेच्या लोकांसाठी एक मोठा हॉल होता, त्यात दोऱ्या बांधलेलं रिंगण. एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरने याला कोळशाची पाटी उचलताना पाहिलं आणि हातात कातडी मोजे दिले. हा गेला तो गेलाच. बाप वारल्यावर अम्मी एकटी पडली म्हणून जालन्याला परत आला, पण दर वर्षी हिवाळ्यात लढतीसाठी जायचा. आणि पहिल्यांदा जिंकला त्या वर्षी हातभर उंचीचा चांदीचा कप घेऊन स्टेशनवर उतरला.

खरी गंमत तिथून सुरू झाली. जालन्याला कुस्ती कळत होती. बॉक्सिंग कशाशी खातात हे कुणाला ठाऊक नव्हतं. कप बघून लोकांनी ठरवलं, पोराने मैदान मारलं. स्टेशनवर ढोल आला. आमच्या भागातल्या तालमीचे वस्ताद आले. वस्ताद म्हणजे पन्नाशी उलटलेला, चुरगळल्या कानांचा, डोंगरासारखा माणूस. त्यांनी पुढेमागे न बघता याला उचलला आणि खांद्यावर घेतला. तिथून गल्लीपर्यंत तो वस्तादांच्या खांद्यावर बसून आला, लाजून चूर झालेला.

"कोणता डाव मारला रं?" वस्तादांनी त्याच्या दारच्या ओट्यावर बसल्यावर पहिला प्रश्न केला.

"डाव न्हाई वस्ताद. ठोसे मारायचे असतेत."

"ठोसे? मंग चीत कसा केला?"

"चीत न्हाई करायचं. पाठ लावायची न्हाई."

"पाठ न्हाई लावायची?" वस्तादांनी सभोवार पाहिलं. "आन् पंच काय करून राह्यलेत तवर? ही तर मारामारीच की!"

सगळे हसले. तोही हसला. मग वस्ताद एकदम गंभीर झाले. "ते काय बी असू दे. पोरगं रियासतीत पहिलं आलंय. कप असा रिकामा ठिवायचा न्हाई." आणि त्यांनी घरून स्वतःच्या म्हशीचं दूध मागवलं, आटवलेलं, बदाम घातलेलं. तो चांदीचा कप काठोकाठ भरला आणि याच्या हातात दिला. तो एवढा मोठा कप त्याने सगळ्यांसमोर एका दमात संपवला. टाळ्या पडल्या. अम्मी दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

हा झाला मान. पण आमच्याकडे मान एकदा देऊन थांबत नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी वस्तादांनी पुन्हा कप मागवला. त्याच्या पुढच्या बाजारी पुन्हा. हळूहळू रिवाजच पडला. बाजाराच्या दिवशी दुपारी तालमीच्या ओट्यावर चॅम्पियनचा कप भरायचा, त्याने तो लोकांसमोर रिकामा करायचा, आणि मगच बाजार नीट भरला असं मानायचं. खेड्यांतून आलेले लोक मुद्दाम थांबायचे. कुणी तूप आणायचं, कुणी खारका. तालमीचं शास्त्र साधं आहे. ज्याच्यावर जीव, त्याला खुराक.

आणि याला तर हलकं राहायचं होतं.

त्याने वस्तादांना समजावून पाहिलं. मी तिथे होतो. "वस्ताद, वजन वाढलं तर मला काढून टाकतेत."

वस्तादांना हे काही केल्या पटेना. "म्हंजी ताकद वाढली तर काढून टाकतेत? असं कुठं आसतंय का? तुला कुनी तरी फसवून राह्यलंय." मग आवाज उतरवून म्हणाले, "आरं, आमच्या घरचं दूध हाय म्हून लाजू नगंस. पी."

तो प्यायला. वस्तादांचा चेहरा बघून मीही प्यायलो असतो.

मग त्याने दुसरा उपाय काढला. आठवडाभर वरण-भाकरी अर्धी, आणि लढत जवळ आली की बॉयलरच्या खोलीत घोंगड्या गुंडाळून बसायचं. तुम्ही चालू बॉयलरच्या खोलीत कधी गेला असाल तर मला पुढे काही सांगायला नको. आम्ही निरोप द्यायलासुद्धा दारातूनच ओरडायचो. हा तिथे दोन घोंगड्यांत बसून घाम काढायचा आणि वरून पाणी बंद. शेवटच्या दोन दिवसांत घोटभरही नाही. ओठांना भेगा पडायच्या. डोळे आत जायचे. मग धुऊन-पुसून काट्यावर यायचा, थुंकायचा आणि विचारायचा, "बराबर हाय ना?"

दांडी सरळ व्हायची. तो जिंकूनही यायचा. पुन्हा ढोल, पुन्हा कप, पुन्हा दूध.

"देखो ना भाई," अम्मी मला वाटेत गाठून म्हणायची, "घड़ा भरके रखती मैं. हात बी नै लगाता. मेरे सामने सूख के जारा." मी तिला काय सांगणार? मी म्हणायचो, अम्मी, लढत झाली की पितो ना तो. ती म्हणायची, हो, पितो. आणि घडा झाकून ठेवायची.

एका वर्षी मी त्याच्याबरोबर सिकंदराबादला गेलो. खरं सांगायचं तर मला ही मारामारी बघायची होती. रात्रभराच्या प्रवासात प्रत्येक स्टेशनवर पाणीवाला ओरडत जायचा आणि हा खिडकीकडे पाठ करून बसायचा. मला तहान लागली तरी मी प्यायलो नाही. एकदाच संडासात जाऊन चोरून प्यायलो. परत आल्यावर त्याने माझ्या मिशीकडे पाहिलं आणि हसला. "पुसून घ्या भाऊ. मला वास येतोय पाण्याचा."

सकाळी तिथल्या काट्यावर तो बरोबर भरला. तोलणाऱ्या साहेबाने मान हलवली. तो खाली उतरला, कोपऱ्यात गेला आणि तांब्या तोंडाला लावला. पाणी पितानाचा तो आवाज माझ्या अजून कानात आहे. जनावर पितं तसा तो प्यायला. मी दुसरीकडे बघत उभा राहिलो.

संध्याकाळी लढत झाली, आणि तेव्हा मला कळलं की वस्ताद चुकत होते. ही मारामारी नव्हतीच. समोरचा गडी लाल होऊन अंगावर येत होता आणि हा नुसता बाजूला होत होता. पाय असे हलत होते की जमीन तापली आहे असं वाटावं. मधेच एक हात जायचा आणि लागून परत यायचा, तो गेलेला दिसायचाच नाही. समोरचा धडपडला तेव्हा हा दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला, तो सावरेपर्यंत. बॉयलरपाशी वाकून कोळसा टाकणारा, गल्लीत भिंतीच्या कडेने चालणारा तो माणूस, त्या दोऱ्यांच्या आत पहिल्यांदाच सगळा दिसला. मी बाकावर उभा राहून ओरडत होतो. काय ओरडत होतो ते मला आठवत नाही.

परतताना मी विचारलं, "तुला भीती वाटत नाही?"

"तिथं न्हाई वाटत. तिथं समोर एकच माणूस असतोय, भाऊ. आन् त्याचे हात मला दिसत असतेत."

वय वाढत चाललं, तसं शरीर हट्टाला पेटलं. पूर्वी दोन दिवसांत उतरणारं वजन आता आठवडा घ्यायला लागलं. दुपारी चक्कर यायची. पाय सुजायचे. एकदा म्हणाला, लघवीला लाल होतंय. मी घाबरून म्हटलं, वरच्या गटात लढ की बाबा. तो म्हणाला, "तिथले माणसं घोडे हाईत. एका ठोशात झोपवतील." मग सोडून दे, मी म्हणालो. "सोडून काय करू? आर्धी जिंदगी त्या रिंगणासाठीच बॉयलरपाशी काढलीय," एवढंच तो म्हणाला.

शेवटी मीच वस्तादांकडे गेलो. ते म्हशीला पेंड घालत होते. मी सगळं सांगितलं. घोंगड्या, बॉयलर, बंद केलेलं पाणी, लाल लघवी. ते ऐकत राहिले. पेंडीची पाटी हातातच राहिली.

"म्हंजी मी पाजायचं, आन् त्यानं ते भट्टीत बसून काढायचं?"

"हो."

"इतके वर्सं?"

वस्ताद पाटी ठेवून म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "मला बोलला का न्हाई त्यो?" असं म्हणाले आणि लगेच स्वतःच म्हणाले, "बोलला व्हता. मीच ऐकलं न्हाई."

त्या बाजारी कप भरला नाही. त्याच्या पुढच्या बाजारीही नाही. मला वाटलं, चला, सुटला.

पण ते दिवस वेगळे होते. संस्थान राहणार की हिंदुस्थानात विलीन होणार यावरून चौकाचौकात दोन तट पडले होते. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेली माणसं एकमेकांच्या दारावरून जाताना मान खाली घालायला लागली होती. कोण कुणाकडे चहा पितो यावर डोळे असायचे. अशात चॅम्पियनचा कप भरायचा बंद झाला. एकीकडे बोलणं उठलं, वस्तादांनी मुसलमानाला दूध बंद केलं. दुसरीकडे उठलं, त्याने हिंदूचं दूध नाकारलं. जे कधी ओट्यापाशी थांबलेही नव्हते ते लोक सर्वांत मोठ्याने बोलत होते. चार पोरं काठ्या घेऊन तालमीच्या बाजूने फिरून गेली, चार गल्लीच्या बाजूने.

तिसऱ्या बाजारी तो स्वतः कप घेऊन ओट्यावर गेला. "वस्ताद," तो म्हणाला, आणि त्या दिवशी प्रथमच त्याने आवाज चढवला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून, "म्हैस आटली का तुमची?"

वस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. ते आत गेले आणि कप भरून आणला. तो प्यायला. लोक पांगले.

नंतर मला म्हणाला, "आजचं दूध निम्मं पाणी व्हतं, भाऊ." त्याचे डोळे भरले होते. तुम्ही तालमीतले नसाल तर तुम्हाला हे कळणार नाही. ज्या वस्तादांनी जन्मात दुधात पाण्याचा थेंब घातला नव्हता, आणि घालणाऱ्या गवळ्याला एकदा भर बाजारात हौदात बुडवलं होतं, त्यांनी याच्यासाठी स्वतःच्या हाताने पाणी घातलं. पुढे काही बाजार असेच गेले. वस्ताद पाणीदार दूध द्यायचे आणि हा मिशी पुसत म्हणायचा, "आज मलई लई हाय." दोघांची ती नाटकं बघून मला हसू यायचं.

ते फार टिकलं नाही. एकदा कपाच्या तळाशी राहिलेलं कुणीतरी चाखलं. "वस्ताद, याला पाणी पाजता व्हय?" चाखणारा ओरडला. पुन्हा गर्दी, पुन्हा आवाज. मुसलमानाला पाणी आणि आपल्या पोरांना दूध, असं झालं. तेव्हापासून कप भरला की आधी दोघांतिघांनी चाखून बघायचा, असा नवा रिवाज पडला. मग वस्तादांनी घट्ट दूध आणलं आणि हा ते घट्ट दूध प्यायला.

"तू नको पिऊस," मी त्याच्या घरी जाऊन सांगितलं. "लोकांना काय बोलायचं ते बोलू दे."

"भाऊ, मी कप खाली ठिवला तर उद्या काय व्हईल ते मला ठाव न्हाई. वस्ताद त्या गल्लीत ऱ्हातेत, अम्मी या गल्लीत. प्यालो तर काय व्हईल ते ठाव हाय. मी आन् माझं अंग. बराबर हाय ना?"

बरोबर नव्हतं.

त्या हिवाळ्यात तो शेवटचा गेला. जाण्याआधी आठ दिवस बॉयलरच्या खोलीत होता. घामच येईना. मी दारातून बघायचो, घोंगड्यांत एक कोरडा चेहरा. निघायच्या सकाळी काट्यावर आला. दांडी केसभर खाली होती. तो उतरला, थुंकला, पुन्हा चढला. पुन्हा उतरला, अम्मीने बांधलेला काळा दोरा दंडावरून तोडला, चढला. दांडी सरळ झाली. त्याने डोळे मिटले.

तिथे वजन बरोबर भरलं, असं त्याच्याबरोबर गेलेल्या बॉयलरवरच्या सोबत्याने मला सांगितलं. रिंगणातही गेला. पहिली फेरी नेहमीसारखीच खेळला. दुसरीत कुणी न मारता गुडघ्यावर बसला आणि उठला नाही. समोरचा पोरगा घाबरून हात खाली सोडून उभा राहिला. त्या वर्षीचा कप त्या पोराला मिळाला. नियम असा होता की जो सलग जिंकेल त्याने जुना कप ठेवून घ्यायचा, म्हणून याचा कप घरीच राहिला.

जालन्याला आणल्यावर दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, गुर्दे गेले, मूत्रपिंडं निकामी झाली. काही करता येण्यासारखं नाही. पाणी मोजून द्या. मीठ नको. दूध तर बिलकुल नको.

अंग सुजायला लागलं. ज्या माणसाने जन्मभर अंगातलं पाणी काढलं, त्याच्या अंगातून आता पाणी जाता जाईना. अम्मी उशाशी बसून वाटीने मोजून पाणी द्यायची. घडा तसाच भरलेला. "अब माँगता," ती मला म्हणाली. "पूरी उमर मैं बोली पी, नै पिया. अब माँगता तो मैं नै देती."

वस्ताद आले. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत आमच्या गल्लीतून चालत आले, आणि त्यांना कुणी अडवलं नाही. हातात कापडाने झाकलेलं दुधाचं भांडं होतं. मी दारातच त्यांना डॉक्टरांचं सांगितलं. ते भांड्याकडे बघत राहिले. मग ते बाहेर ओट्यावर ठेवून रिकाम्या हाताने आत गेले. खाटेशेजारी बसले. हात मांडीवर, काय करावं ते त्या हातांना कळत नव्हतं. या माणसाला बोलता येत नव्हतं असं नाही, पण जे सांगायचं ते ते नेहमी दुधातून सांगत आले होते.

"काय पायजे तुला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"काय न्हाई वस्ताद. बसा."

ते बसून राहिले. उठताना ओट्यावरचं दूध तसंच होतं, त्यावर साय धरली होती. ते घेऊन परत गेले.

त्यानंतर एका सकाळी त्याने मला बोलावलं. म्हणाला, मला काट्यावर घेऊन चला. अम्मी रडायला लागली. मी नाही म्हणत होतो, पण त्याने माझा हात सोडला नाही. कारखान्यातले दोन हमाल आले, आम्ही त्याला बैलगाडीत घालून नेलं. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले, आणि छाती, दंड, मान सगळं वितळून गेलेलं. त्याने चपला काढल्या. ताईत काढून माझ्या हातात दिला. सदऱ्याची बटणं त्याला निघेनात, ती मी काढली. मग मोरीकडे तोंड केलं आणि थुंकायला गेला. तोंडात काही नव्हतं. दोनदा प्रयत्न केला. मग तसाच, आम्हा तिघांना धरून, पारड्यात उभा राहिला. समोरच्या पारड्यात पोतं होतं.

आम्ही हात सोडले. दांडी वर गेली, खाली आली, आणि सरळ उभी राहिली.

"बराबर हाय ना?" त्याने विचारलं.

मी दोनदा पाहिलं. मला वाटलं माझेच डोळे काहीतरी करतायत. जेवढं मांस गेलं होतं तेवढंच पाणी आत साचलं होतं. दांडी अगदी सरळ होती. ना घोंगडी, ना बॉयलर, ना उपास.

"बराबर हाय रे," मी म्हणालो. "एकदम बराबर."

तो हसला. मला वाटतं तो खरंच खूश झाला होता. आठवडाभरात गेला. पुढे संस्थान जाताना जालन्याने जे पाहिलं ते त्याने पाहिलं नाही, त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो.

त्याला पोचवून आल्यानंतरच्या बाजारी वस्ताद कारखान्यात आले. त्याआधी ते कधी आले नव्हते. दुपारची वेळ, हमाल जेवायला बसले होते. वस्ताद काट्यापाशी उभे राहिले.

"तू तोलायचास ना त्याला?"

"हो वस्ताद."

"शेवटी किती भरला?"

आकडा सांगून त्यांना काय कळणार? मी कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट दाखवलं. "एवढा. बरोबर एवढाच."

वस्ताद पोत्याकडे बघत राहिले. मग त्यांनी धोतराचा काचा खोवला, खाली वाकले, दोन्ही हात पोत्याखाली घातले आणि हुं करून ते उचललं. एक हमाल मदतीला धावला, त्याला त्यांनी मानेनेच नको म्हटलं. पोतं त्यांनी खांद्यावर घेतलं, ज्या खांद्यावर त्याला स्टेशनपासून आणलं होतं त्याच. एक हात वर करून त्याला सावरलं. आतली खडी कुरकुरली.

ते पोतं घेऊन कुठे जायचं हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. खाली ठेवा हे माझ्या तोंडून येईना, आणि त्यांच्याच्याने ते ठेववेना. हमाल घास हातात धरून बघत होते, आणि वस्ताद त्याला खांद्यावर घेऊन काट्यापाशी उभे होते.